दोन किलोमीटर, सहा दिवस, एक रेकॉर्डर

सफर लांबची नाही. स्टेशनाबाहेरच्या चौकातून निघायचं, मोठ्या रस्त्याच्या फुटपाथने भुयारी मार्गापर्यंत जायचं, पलीकडे निघून एका अरुंद गल्लीत शिरायचं, लोखंडी पादचारी पूल ओलांडायचा आणि बागेच्या फाटकाशी थांबायचं. असा दोनेक किलोमीटरचा टप्पा जवळपास प्रत्येक शहरात सापडतो. नेहमीच्या चालीने तो अर्ध्या तासात संपतो. वाटेतले आवाज टिपत जायचं आणि शेवटी ते त्याच रस्त्यावर हेडफोनमधून ऐकवायचे म्हटलं तर मात्र सहा दिवस लागतात, आणि तेही घाईचेच.

रस्ता निवडताना बघायचं ते एवढंच की, दर दोन-तीन मिनिटांनी जागेचा घाट बदलला पाहिजे. उघड्यावरून आडोशाला, दगडी भिंतींमधून झाडांखाली, डांबरावरून लोखंडावर. सरळसोट हमरस्त्यावर तीन किलोमीटर चाललं तरी हाती एकच आवाज लागतो.

दिवस पहिला: रेकॉर्डर घरी

नवख्यांना हे पटत नाही, पण पहिल्या दिवशी यंत्र बरोबर घ्यायचंच नाही. ते हातात असलं की डोळे मीटरवर खिळतात आणि कान सुट्टीवर जातात. मॅक्स न्यूहाउस या अमेरिकन तालवादकाने १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांच्या हातावर ‘ऐका’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का उमटवला आणि त्यांना घेऊन तो रस्त्यावरून चालत निघाला. कार्यक्रम तेवढाच. यंत्राविना किती ऐकू येतं हे समजायला तेवढं पुरतं.

टप्पा दोनदा चालायचा, एकदा सकाळी सातच्या आत आणि एकदा संध्याकाळच्या गर्दीत. सहा थांबे ठरवायचे आणि प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. पाचच का, तर चौकातल्या सिग्नलचं एक चक्र साधारण एक ते दोन मिनिटांचं असतं. निदान दोन-तीन चक्रं ऐकल्याशिवाय त्या चौकाची लय कळत नाही. एका मिनिटात जे ऐकू येतं तो निव्वळ योगायोग.

कागदावर एक वर्तुळ काढा, मध्ये स्वतःला ठेवा आणि प्रत्येक आवाज त्याच्या दिशेला, अंदाजे अंतरावर मांडा. एक रकाना ‘बंद झाल्यावर कळलेले’ आवाजांसाठी राखून ठेवा. एसीचे पंखे, जनरेटर, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण हे आवाज थांबतात तेव्हाच लक्षात येतात. कॅनडात व्हँकूव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात मरे शेफर आणि त्यांच्या गटाने १९७० च्या दशकात आवाजांची जी विभागणी केली ती इथे कामाला येते. सतत मागे असणारा आधारध्वनी, लक्ष वेधणारा इशारा आणि केवळ त्या जागेचा असा खूणध्वनी. पहिल्या दिवशी आधारध्वनीचा रकाना रिकामा राहिला, तर समजा की तुम्ही नीट ऐकलेलं नाही.

दिवस दुसरा: उभं राहून

पिशवी हलकी ठेवा. स्टिरिओ रेकॉर्डर, त्यावर फरचं आवरण, बंद कपांचे हेडफोन, छोटा तिपाई स्टँड, जादा बॅटरी, जादा कार्ड, वही आणि चिकटपट्टी. चिकटपट्टी कशाला, ते पुढे येईल.

रेकॉर्डरची सेटिंग: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, न आवळलेली वॅव्ह फाइल. एका मिनिटाला सुमारे १७ एमबी, तासाला एक जीबीच्या थोडं वर. ऑटो लेव्हल बंद करायचं. ते चालू असेल तर बस गेल्यावर यंत्र गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, हळूहळू वर ओढतं आणि मागची शांतता सूज आल्यासारखी फुगते. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर अडचण आणखी मोठी आहे. बऱ्याच फोनमध्ये बोलणं स्पष्ट यावं म्हणून पार्श्वभूमीचा आवाज गाळला जातो, आणि आपल्याला नेमकी पार्श्वभूमीच हवी असते. गाळणी बंद करण्याची सोय असलेलं ॲप शोधा, नाहीतर फोन फक्त नकाशासाठी ठेवा. तो रेकॉर्डरपासून लांब, एअरप्लेन मोडवर असावा. शेजारी ठेवला की फाइलमध्ये अधूनमधून ट्रर्र-ट्रर्र उमटतं आणि ते काढता येत नाही.

आता चिकटपट्टी. टप्प्यावरच्या सगळ्यांत गोंगाटाच्या जागी, म्हणजे स्टेशनाच्या चौकात, गेन असा लावा की आवाजाची शिखरं मीटरवर उणे १२ च्या आसपास राहतील (शून्याला आवाज फाटतो). एखादा कर्कश हॉर्न उणे ३ पर्यंत गेला तर चालेल. मग त्या बटणावर पट्टी चिकटवा आणि दिवसभर हात लावू नका. बागेत फाइल फारच बारीक वाटेल, हात शिवशिवतील. तरी नाही. सहा थांब्यांवर सहा वेगवेगळे गेन लावले की चौक आणि बाग सारख्याच आवाजाची होते आणि तुलनेला काही उरत नाही. खरे डेसिबल हवे असतील तर १००० हर्ट्झला ९४ डेसिबल देणारा कॅलिब्रेटर माईकवर बसवून अर्धं मिनिट टिपून ठेवावं लागतं. त्याशिवाय मीटरवरच्या आकड्याचा रस्त्यावरच्या डेसिबलशी काही संबंध नसतो. बारीक ते कर्कश सगळं एकत्र सामावून घेणाऱ्या ३२ बिट फ्लोट यंत्रात गेनची ही काळजी बरीच कमी होते, पण वारा माईकवर आदळला तर ते यंत्रही काही करू शकत नाही.

वाऱ्याविषयी सांगायचं तर नुसता स्पंज खोलीत ठीक. रस्त्यावर आणि विशेषतः उंच इमारतीच्या कोपऱ्यावर फर लागतंच. पावसात फर भिजून चिकटलं की वरचे स्वर मंदावतात. ते झटकून, विंचरून वाळवावं लागतं.

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला जागा, वेळ, हवा आणि गेन बोलून ठेवा. दोन दिवसांनी सहाही फाइली सारख्याच वाटतात. उभं राहून टिपताना कोणाचं खासगी बोलणं शब्द न् शब्द ऐकू येईल इतक्या जवळ जाऊ नका. आलंच तर ते नंतर कापायचं, हे तिथल्या तिथे वहीत लिहा. दुकानातून वाजणाऱ्या गाण्याचंही तेच. स्टेशनाच्या आत टिपायचं असेल तर परवानगी आधी घ्यावी लागते. बाहेरच्या चौकात ही अडचण सहसा येत नाही, तरी तिथला नियम विचारून घेतलेला बरा.

दिवस तिसरा: चालताना

हा सगळ्यांत मोठा दिवस. आज माईक कानात बसतात. दोन बारीक, चहूबाजूंनी ऐकणाऱ्या कॅप्सूल दोन्ही कानांच्या तोंडाशी, सारख्याच खोलीवर. डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला सुमारे अर्धा-पाऊण मिलिसेकंद उशिरा आणि डोक्याच्या सावलीमुळे थोडा मंद पोहोचतो. तेवढ्या फरकावर मेंदू दिशा ठरवतो. हेडफोनवर ऐकताना हा फरक जसाच्या तसा परत मिळतो. स्पीकरवर मात्र दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि सगळी जादू जाते.

डावा-उजवा उलटा लागणं ही अगदी नेहमीची चूक. म्हणून निघताना डाव्या कानापाशी चुटकी, मग उजव्या कानापाशी, मग समोर एक टाळी. संपादन करताना पाच सेकंदांत खात्री होते.

कपडे सुती, तळवे मऊ. नायलॉनचं जॅकेट प्रत्येक पावलाला खसखसतं. किल्ल्या, सुटे पैसे, अर्धी भरलेली पाण्याची बाटली हे सगळं काढून ठेवा. घोट गिळला तरी तो फाइलमध्ये येतो. मान वळवू नका, कारण तुम्ही दुकानाकडे पाहिलं की ऐकणाऱ्याभोवती सगळा रस्ता फिरतो आणि त्याला गरगरतं. नाकासमोर बघत, सेकंदाला साधारण एक मीटर या गतीने चालायचं. ही नेहमीपेक्षा थोडी मंद चाल झाली. सुरुवातीला तीस सेकंद उभं राहायचं, शेवटीही तीस सेकंद. जोडकामाला ते शेपूट लागतं.

मोठ्या रस्त्यावरून भुयारी मार्गाकडे वळतानाचा कोपरा हळू घ्या. वाहनांचा आवाज तिथे एकदम थांबत नाही. आधी टायरची सळसळ जाते, मग हॉर्नची धार बोथट होते आणि आठ-दहा पावलांनंतरही इंजिनाची घरघर पाठीमागे रेंगाळत राहते. खालच्या सुराच्या, १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या जवळ जाते, ती भिंतीच्या कडेला सहज वळसा घालते. ५००० हर्ट्झची लहर सात सेंटिमीटरची, ती कोपऱ्याशीच अडते. चालताना कान हा बदल सहसा नोंदवत नाही. फाइलमध्ये तो पावलागणिक मोजता येतो.

भुयारी मार्गात बहुतेक जण एक चूक करतात. रेकॉर्डरवर ८० हर्ट्झच्या खालचं कापणारं बटण असतं. वारा आणि हाताळणीची गडगड त्याने कमी होते, म्हणून ते सकाळीच चालू केलेलं असतं. पण चार मीटर रुंदीच्या बोगद्याचा सर्वांत खालचा सूर ४३ हर्ट्झच्या आसपास पडतो आणि अडीच मीटर उंचीचा ६९ च्या. वरून बस गेली की जे छातीत जाणवतं ते हेच. बटण दाबलेलं असेल तर बोगदा फाइलमध्ये येतो, पण पोकळ आणि पत्र्याच्या डब्यासारखा. म्हणून कापणं संगणकावर, लागेल तिथेच. टिपताना वाऱ्यासाठी फक्त आवरण.

पुढे गल्ली. समजा भिंती सहा मीटर अंतरावर आहेत आणि दोन्ही सपाट, गिलावा केलेल्या. मधोमध उभं राहून एक टाळी द्या. आवाज दोन्ही भिंतींवरून एकाच वेळी परत येतो, सहा मीटरची फेरी साडेसतरा मिलिसेकंदांत. पुन्हा जातो, पुन्हा येतो. सेकंदाला सत्तावन्न वेळा म्हणजे वेगळे ठोके ऐकूच येत नाहीत, टाळीला ‘झर्रर्र’ अशी धातूची शेपटी लागते. आता एका भिंतीला पाठ लावून तीच टाळी द्या. फेरी बारा मीटरची होते, ठोके निम्मे होतात आणि झर्ररचं ‘तर्रर्र’ होतं. भिंतीवर वेल असेल, खिडक्या आत-बाहेर असतील किंवा सायकली टेकवलेल्या असतील तर शेपटीच लागत नाही. एवढ्यावरून, डोळे मिटून, गल्ली साधारण किती रुंद आणि किती भरलेली आहे ते सांगता येतं. अंध माणसं काठीच्या टकटकीतून रोज हेच वाचत असतात.

पावलांचं काय करायचं, यावर मतभेद आहेत. जागेचा अभ्यास करायचा असेल तर स्वतःची पावलं त्रासदायकच, मग दर वीस मीटरवर थांबत टिपा. फिरवून आणणारी ध्वनिफेरी करायची असेल तर पावलं हवीत. कॅनडाच्या जॅनेट कार्डिफ १९९१ पासून अशा फेऱ्या करतात आणि त्यात त्यांच्या पावलांमागे ऐकणाऱ्याची पावलं नकळत पडू लागतात. आमचं मत त्या बाजूचं. पाऊल हा जमिनीचा सर्वांत स्वस्त मापक आहे. फरशी, डांबर, खडी, लोखंडी जाळी, प्रत्येकाचा ठोका वेगळा.

हा टप्पा तीनदा टिपा. पहिल्या खेपेत कोणीतरी वाट विचारायला थांबवतं, दुसऱ्या खेपेत कुठेतरी खोदकाम सुरू होतं.

दिवस चौथा: पहाट आणि लोखंड

पहाटे साडेचारला तोच चौक. रात्री जमीन गार पडते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते, तेव्हा आवाज वर निघून न जाता खाली वाकतो. दिवसा कधीच न ऐकू येणारी दूरची रेल्वे त्यामुळे दोन गल्ल्यांपलीकडे असल्यासारखी वाटते. गेनची पट्टी आजही काढायची नाही.

मग लोखंडी पूल. कठड्याला पिझो माईक चिकटवायचा, म्हणजे हवेतला नव्हे तर धातूतला आवाज घेणारा. दुसऱ्या टोकाला चढणाऱ्या माणसाची पावलं दिसण्याआधी पोहोचतात आणि वाऱ्याने गज गुणगुणतात. पिझोला एक मेगाओमच्या आसपास विद्युतरोध असलेलं इनपुट लागतं. साध्या माईकच्या भोकात थेट खुपसला की खालचे सूर गळतात आणि सगळं पत्र्यासारखं चिरचिरतं. मध्ये छोटा प्रीॲम्प (संकेत वाढवणारी डबी) लावला की भागतं. रंगाची पोपडी निघालेल्या जागी चिकटवू नका, तिथे पकड सुटते.

तारेच्या वेटोळ्याचा इंडक्शन माईक असेल तर तिकीटयंत्र, एटीएम, जाहिरातींचे पडदे यांच्याजवळून न्या. त्यांचं विद्युतचुंबकीय क्षेत्र आवाजात उतरतं. जर्मन कलाकार क्रिस्तिना कूबिश या प्रकारच्या फेऱ्यांसाठी ओळखल्या जातात. गंमत म्हणून अर्धा तास द्यायला हरकत नाही, त्याहून जास्त नको. शंभरावा ट्रान्सफॉर्मर पहिल्यासारखाच वाजतो.

दिवस पाचवा: टेबलापाशी

आधी दोन प्रती काढा, मगच कार्ड पुसा. फाइलचं नाव तारीख, जागा, वेळ या क्रमाने. रेकॉर्डरचं घड्याळ बॅटरी काढल्यावर मागे पडलेलं असू शकतं, म्हणून बोलून ठेवलेली वेळ खरी धरायची.

मग पहिल्या दिवसाची वही उघडून, त्याच थांब्याची फाइल डोळे मिटून ऐका. वहीत नसलेलं आणि फाइलमध्ये असलेलं काय? जवळजवळ नेहमी तिथे पंखे निघतात, आणि लांबच्या वाहतुकीची एक सलग चादर. उलटंही घडतं. वहीत ‘चिमण्या’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि फाइलमध्ये त्या शोधाव्या लागतात. कान हवं ते उचलतो, माईक उचलून घेत नाही. या दोन यादींमधल्या फरकातून कळतं की ती जागा चालणाऱ्याला प्रत्यक्षात काय ऐकवते आणि तो त्यातलं काय सोसून गाळतो. ‘ध्वनिपरिसर’ या संकल्पनेची आयएसओ १२९१३ या आंतरराष्ट्रीय मानकातली २०१४ सालची व्याख्या हेच धरून चालते. तिथे आवाज मोजला की काम संपत नाही, माणसाला तो त्या संदर्भात कसा जाणवतो हे बघावं लागतं.

स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणता सूर कधी वाजला याचं चित्र, उघडला की पंख्यांच्या आडव्या रेघा दिसतात, वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर १०० आणि २०० वर. मागे येणाऱ्या गाडीची टीं-टीं हजार हर्ट्झच्या जवळ तुकड्या-तुकड्यांत दिसते. वाऱ्याचे फटके तळाशी डागांसारखे. हे डाग दिसतील तेवढ्याच सेकंदांवर खालची कात्री चालवा, अख्ख्या फाइलवर नको.

आवाज साफ करण्याच्या हव्यासात पडू नका. नॉइज कमी करणारा फिल्टर रस्त्याची चादर काढायला गेला की मागे पाण्यात बुडबुडल्यासारखी खरखर ठेवतो, आणि शिवाय ती चादर म्हणजेच ती जागा होती. जोड देताना पाच-सहा सेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक फाइल विरत असताना दुसरी वर येणं, पुरतो. त्यात दोन्ही फाइलींची पावलं एकाच वेळी ऐकू आली तर माणूस चौपायी होतो, म्हणून जोड उभ्या राहिलेल्या शेपटांवर घ्यायचा.

दिवस सहावा: परत त्याच रस्त्यावर

आता टिपलेला आवाज त्याच जागी ऐकवायचा. फोनच्या जीपीएसवर चालणारी ॲप्स त्या-त्या वर्तुळात शिरलं की फाइल सुरू करतात. मोकळ्या आकाशाखाली चूक पाचेक मीटरची असते. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवरून उसळून येतात आणि चूक पंचवीस-तीस मीटरवरही जाते. म्हणून वर्तुळ २५ मीटर त्रिज्येपेक्षा लहान करू नका. सीमेवर उभ्या माणसाला फाइल सुरू-बंद-सुरू असे आचके देते. त्यासाठी आत शिरण्याची त्रिज्या २५ आणि बाहेर पडण्याची ३५ ठेवा. भुयारी मार्गात जीपीएस नाहीच. तिथली फाइल तोंडाशी सुरू होऊन वेळेवर चालू द्यायची. चाळीस मीटरच्या बोगद्याला चाळीस सेकंद लागतात, फाइल नव्वद सेकंदांची ठेवा, कोणी रेंगाळलं तरी ती तुटत नाही. स्क्रीन बंद झाल्यावर बॅटरी-बचत ॲपला झोपवते, ती सेटिंग निघण्याआधी बदलावी लागते. फाइली आधीच फोनवर उतरवून घ्या. अर्ध्या तासाच्या १९२ केबीपीएस फाइली ४३ एमबीच्या आसपास होतात. त्याखाली गेलात तर दिशेचे बारकावे आधी जातात.

फसतं ते इथे. पहाटेचा चौक संध्याकाळच्या गर्दीत त्याच चौकात ऐकवायचा, ही कल्पना प्रत्येकाला सुचते. प्रत्यक्षात काहीच ऐकू येत नाही, कारण खरा रस्ता टिपलेल्या शांततेला गिळून टाकतो. आवाज वाढवला तर कानाला घातक. उलटं मात्र जमतं. गर्दीचा चौक शांत गल्लीत उभं राहून ऐकला की अंगावर येतो. म्हणून पहाटेची फाइल चौकात न वाजवता, मोठ्या रस्त्यावरून भुयारी मार्गाकडे वळून आठ-दहा पावलं आत आल्यावर सुरू करा. त्या कोपऱ्याचं मोजमाप तिसऱ्या दिवशी झालेलंच आहे.

रस्ता ओलांडण्याच्या जागेआधी दहा मीटर सगळं गप्प. कानाशी वाजणारी टिपलेली बस आणि मागून येणारी खरी बस यांत माणूस फरक करू शकत नाही. बंद कपांचे हेडफोन घरी ठेवा, आज उघडे किंवा हाडातून ऐकवणारे. विजेवरच्या गाड्या सावकाश जाताना जवळपास मुक्या असतात. युरोपीय संघात ताशी २० किमी वेगापर्यंत अशा नव्या गाड्यांना कृत्रिम आवाज काढणं बंधनकारक आहे, सगळीकडे तसं नाही.

बागेच्या फाटकापाशी शेवटची फाइल संपते. हेडफोन काढायची सूचना फाटकाच्या वीस पावलं अलीकडे द्या, फाटकाशी नको. कान मोकळे व्हायला थोडा वेळ जातो, आणि फाटकाच्या बिजागरीची करकर यंत्रातून नव्हे, लोखंडातून ऐकायची आहे.